वह्यांचें नातें, अथवा परकी किल्ली म्हणजे काय ?

आपल्या शाळेच्या कचेरींत जें मोठें लोखंडी कपाट आहे, त्याच्या आंत तुमच्यापैकीं फारच थोड्यांनीं डोकावून पाहिलें असेल. त्यांत वह्यांच्या चळती आहेत. एका वहीस जनरल रजिस्टर म्हणतात. तींत शाळेंत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचें व मुलीचें नांव, जन्मतारीख, गांव व दाखल झाल्याचा दिवस ओळीनें लिहिलेला असतो. दुसरी वही हजेरीची, तिसरी फीची, चौथी ग्रंथालयाची, पांचवी शिष्यवृत्तीची. हल्लीं यांतील पुष्कळशा वह्या संगणकांत गेल्या आहेत, परंतु त्यामुळें वहीचा धर्म बदललेला नाहीं. या वह्या एकमेकींशीं बोलतात कशा, एका वहीनें दुसऱ्या वहींतील मुलगा ओळखावा कसा, हा प्रश्न दिसण्यांत क्षुल्लक आहे. पण त्याच्या उत्तरांत चूक झाली तर एखाद्या मुलाचें वर्ष फुकट जातें. तें कसें, हें आधीं माझ्याच एका चुकीवरून सांगतों आणि मग मुख्य विषयाकडे वळतों.

माझ्या नोकरीच्या अगदीं सुरुवातीच्या काळांतील गोष्ट आहे. त्या वेळीं मी दुसऱ्या एका शाळेंत वर्गशिक्षक होतों. माझ्या वर्गांत एकाच नांवाचे दोन मुलगे होते. आपल्या जिल्ह्यांत यांत नवल तें काय ? पाडवी, वळवी, वसावे, गावित, पावरा या आडनांवांचीं घरें गांवोगांव आहेत, आणि आवडीचीं नांवेंहि घरोघर तींच. शिष्यवृत्तीची यादी करतांना मी हजेरीपटावरून नुसतीं नांवें उतरून घेतलीं. यादींत जनरल रजिस्टरचा क्रमांक लिहिण्यास एक रकाना होता. तो मी कंटाळ्यानें रिकामाच सोडला. पुढें नांवांसमोर बँकेचे खातेक्रमांक भरतांना त्या दोन्ही नांवांसमोर एकाच मुलाचा खातेक्रमांक पडला. एकास दुप्पट रक्कम मिळाली, दुसऱ्यास कांहींच नाहीं.

ज्यास मिळाली नाहीं त्याचे वडील अक्राणीच्या डोंगरांतून जीपनें आले. मी यादी उघडून मुलाच्या नांवावर बोट ठेवलें व "रक्कम गेली आहे" असें सांगितलें. ते पुन्हां आले. मी पुन्हां तेंच बोट त्याच ओळीवर ठेवलें. तिसऱ्या खेपेस ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या कागदावर माझ्या पोराचं नांव आहे, पण तिथं माझा पोरगा नाहीं." मला त्यांच्या बोलण्याचा अर्थ त्या दिवशीं कळला नाहीं. दिवाळीनंतर तें कुटुंब ऊसतोडीस गुजरातेंत गेलें व मुलासहि घेऊन गेलें. फेब्रुवारींत हिशेब ताडून पाहतांना माझी चूक माझ्या ध्यानांत आली. रक्कम योग्य खात्यांत गेली, परंतु मुलगा परतला तो जून महिन्यांत, आणि त्यास त्याच वर्गांत पुन्हां बसावें लागलें. पैसे परत करतां आले. वर्ष परत करतां आलें नाहीं.

त्या वडिलांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. माझ्या यादीस नांव ठाऊक होतें, मुलगा ठाऊक नव्हता. यादी व जनरल रजिस्टर या दोन वह्यांमध्यें जो दुवा असावयास हवा होता, तो मी सोडून दिला होता. त्याच दुव्यास संगणकशास्त्रांत 'फॉरेन की' असें म्हणतात. आपण त्यास परकी किल्ली म्हणूं.

एकच मोठी वही कां नको ?

कोणी म्हणेल, इतक्या वह्या हव्यातच कशाला ? एकच मोठी वही करावी व सर्व कांहीं तींत लिहावें, म्हणजे दुव्याची भानगडच नको. ही सूचना ग्रंथालयाच्या वहीवर लावून पाहूं. समजा, एखादा मुलगा पुस्तक नेतो त्या प्रत्येक वेळीं आपण त्या ओळींत त्याचें पूर्ण नांव, गांव, वडिलांचें नांव व वडिलांचा फोन लिहितों. मुलगा वाचनाचा नादी आहे. वर्षांत त्यानें वीस पुस्तकें नेलीं. तीच माहिती वीस वेळां लिहिली गेली. एवढ्यानें केवळ शाई वायां गेली असती तर चिंता नव्हती. परंतु खरीं संकटें पुढेंच आहेत.

पहिलें संकट असें कीं, वडिलांचा फोन बदलला. आतां तो वीस ठिकाणीं बदलावयास हवा. सतरा ठिकाणीं बदलला व तीन ठिकाणीं राहून गेला, तर वर्षअखेर वहीच आपणांस दोन उत्तरें देऊं लागते, आणि त्यांतील खरें कोणतें हें वहीस सांगतां येत नाहीं. दुसरें संकट असें कीं, नवीन दाखल झालेल्या ज्या मुलीनें अद्याप एकहि पुस्तक नेलेलें नाहीं, तिची माहिती या वहींत लिहावी कोठें ? पुस्तकावांचून ओळ नाहीं व ओळीवांचून मुलगी नाहीं. तिसरें संकट याच्या उलट. एका मुलानें एकच पुस्तक नेलें होतें. तें परत आल्यावर आपण ती ओळ खोडली. ओळीबरोबर त्याचें गांव, वडिलांचें नांव व फोन हींहि खोडलीं गेलीं. पुस्तक परत आलें आणि मुलगा हरवला !

या तिन्ही संकटांचें मूळ एकच आहे. दोन निराळ्या गोष्टी, म्हणजे 'मुलगा' आणि 'पुस्तक नेणें', आपण एकाच ओळींत कोंबल्या. म्हणून जाणते लोक नियम सांगतात तो असा : एक गोष्ट एकाच ठिकाणीं लिहावी आणि इतरत्र तिच्याकडे बोट दाखवावें.

मूळ किल्ली व परकी किल्ली

हें बोट दाखवावयाचें कसें, तें दोन लहान कोष्टकांवरून समजून घेऊं. यांतील नांवें अर्थातच कल्पित आहेत.

पहिलें कोष्टक, विद्यार्थी : क्रमांक, नांव, गांव.

४१२ — दिलीप — धडगांव
४१३ — दिलीप — तळोदा
४१४ — सुनीता — नवापूर

दुसरें कोष्टक, ग्रंथवाटप : नोंद क्रमांक, पुस्तक, नेल्याची तारीख, विद्यार्थी क्रमांक.

१ — भूगोलाचें पुस्तक — ३ जुलै — ४१३
२ — शब्दकोश — ३ जुलै — ४१४
३ — इतिहासाचें पुस्तक — १० जुलै — ४१३

पहिल्या कोष्टकांत दोन दिलीप आहेत. परंतु ४१२ एकच आहे व ४१३ हि एकच आहे. ज्या रकान्यावरून कोष्टकांतील प्रत्येक ओळ निःसंशय ओळखतां येते, त्या रकान्यास 'प्रायमरी की' किंवा मूळ किल्ली म्हणतात. तींत दोन ओळींस समान किंमत असतां कामा नये, आणि तो रकाना रिकामाहि राहतां कामा नये.

आतां दुसऱ्या कोष्टकाचा शेवटचा रकाना पाहा. ४१३ हा आंकडा तेथें दोनदां आला आहे व त्यांत कांहींच वावगें नाहीं, कारण एका मुलानें दोन पुस्तकें नेलीं आहेत. हा आंकडा या घरचा नव्हे. तो विद्यार्थी-कोष्टकाच्या घरचा आहे. येथें तो पाहुणा म्हणून आला असून आपल्या मूळ घराचा पत्ता सांगतो. म्हणूनच त्यास परकी किल्ली म्हणावयाचें. एका कोष्टकांतील जो रकाना दुसऱ्या कोष्टकाच्या मूळ किल्लीकडे, किंवा तिच्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या अद्वितीय रकान्याकडे, बोट दाखवितो, ती परकी किल्ली होय.

"इतिहासाचें पुस्तक कोणाकडे आहे ?" असें विचारलें असतां संगणक ग्रंथवाटपांतून ४१३ उचलतो, विद्यार्थी-कोष्टकांत ४१३ च्या ओळीवर जातो व "तळोद्याचा दिलीप" असें उत्तर देतो. दोन कोष्टकें अशा रीतीनें क्षणभर शेजारीं ठेवून वाचण्याच्या क्रियेस 'जॉइन' म्हणतात. दिलीपनें गांव बदललें तर पहिल्या कोष्टकांत एकाच ठिकाणीं खाडाखोड करावी. ग्रंथवाटपास हात लावण्याचें कारण नाहीं.

येथें हुशार मुलें विचारतील कीं, हा दुवा उलट बाजूनें कां ठेवूं नये ? विद्यार्थ्याच्या ओळींतच त्याच्या पुस्तकांचे क्रमांक कां लिहूं नयेत ? कारण असें कीं, एका विद्यार्थ्याकडे एकहि पुस्तक नसेल, दुसऱ्याकडे एक असेल, तिसऱ्याकडे सात असतील. मग रकाने किती आंखावे ? उलटपक्षीं, ग्रंथवाटपाची प्रत्येक नोंद एकाच विद्यार्थ्याची असते. लेकराच्या दाखल्यावर आईचें नांव लिहितात; आईच्या दाखल्यावर सर्व लेकरांचीं नांवें लिहीत नाहींत. जेथें 'एकास अनेक' असें नातें असतें, तेथें परकी किल्ली नेहमीं 'अनेक'च्या बाजूस ठेवावी, हें सूत्र पाठच करून ठेवा.

परंतु 'अनेकांस अनेक' असेंहि नातें असतें. वार्षिक क्रीडास्पर्धांत एक मुलगी धांवणें, खो-खो व लांब उडी या तिहींत भाग घेते. आणि खो-खोमध्यें मुलीहि पुष्कळ असतात. येथें दुवा कोणत्याच एका बाजूस मावत नाहीं. अशा वेळीं तिसरें कोष्टक करावें व त्यांत दोनच रकाने ठेवावे : विद्यार्थी क्रमांक व स्पर्धा क्रमांक. दोन्ही परक्या किल्ल्या. आणि त्या दोहोंची जोडी मिळून त्या कोष्टकाची मूळ किल्ली. तीच मुलगी त्याच स्पर्धेत चुकून दोनदां नोंदली जाऊं लागली, तर ही जोडीच तें होऊं देत नाहीं.

किल्लीची राखण

इतकें वाचून तुम्ही म्हणाल, क्रमांक लिहिणें एवढेंच जर काम असेल तर त्यांत संगणकाचा विशेष तो काय ? विशेष हा कीं, अमुक रकाना अमुक कोष्टकाची परकी किल्ली आहे असें एकदां जाहीर केलें म्हणजे संगणक तिच्यावर पहारा करितो. ही जाहिरात 'रेफरन्सेस' या शब्दानें करावयाची असते.

पहारा दोन प्रकारचा असतो. नवीन नोंद करतांना तुम्ही ग्रंथवाटपांत ९९९ हा विद्यार्थी क्रमांक लिहूं गेलां, आणि असा विद्यार्थी पहिल्या कोष्टकांत नसला, तर संगणक ती नोंद घेतच नाहीं. म्हणून आधीं विद्यार्थी दाखल करावा, मग त्याच्या नांवें पुस्तक लिहावें. हा क्रम मोडतां येत नाहीं. मात्र रकाना रिकामा सोडण्याची मुभा देतां येते. रिकामा रकाना व खोटा आंकडा यांत मोठा भेद आहे : पहिला 'ठाऊक नाहीं' असें प्रामाणिकपणें सांगतो, दुसरा नसलेल्याकडे बोट दाखवितो.

दुसरा पहारा ओळ पुसतांना असतो. ४१३ क्रमांकाच्या विद्यार्थ्याची ओळच कोणी पुसूं लागला, तर त्याच्या नांवावरील दोन पुस्तकांचें काय होईल ? तीं निराधार होतील. यावर तीन उपाय आहेत. पहिला उपाय मनाईचा : जोंवर कोणी त्या ओळीकडे बोट दाखवीत आहे, तोंवर ती पुसूं द्यावयाची नाहीं. निराळें कांहीं सांगितलें नसेल तर बहुधा संगणक हाच मार्ग धरितो, आणि फी, पुस्तकें, शिष्यवृत्ती अशा देण्याघेण्याच्या वह्यांस तोच योग्य आहे. दुसरा उपाय 'कॅस्केड', म्हणजे मूळ ओळीबरोबर तिच्या आश्रयाच्या ओळीहि पुसणें. एखादी स्पर्धाच रद्द झाली तर तिच्यांतील नोंदणीहि आपोआप जावी, हें ठीक आहे. परंतु हें शस्त्र धारदार आहे. एक ओळ पुसावयास जावें व शंभर ओळी जाव्या असें होऊं शकतें. तिसरा उपाय 'सेट नल', म्हणजे दुवा तेवढा रिकामा करणें. वर्गशिक्षक नोकरी सोडून गेले तर वर्ग पुसावयाचा नसतो, नवे शिक्षक येईपर्यंत तो रकाना रिकामा ठेवावयाचा असतो.

आणि सर्वांत उत्तम रीत आपल्या जुन्या जनरल रजिस्टरनेंच शिकविली आहे. मुलगा शाळा सोडून गेला तरी त्याची ओळ कोणी पुसत नाहीं. शाळा सोडल्याची तारीख व कारण त्याच ओळींत लिहितात. त्याचा क्रमांकहि पुन्हां दुसऱ्या कोणास देत नाहींत. म्हणून पन्नास वर्षांनीं एखादे आजोबा दाखला मागावयास आले, तरी तो निघतो.

ही कल्पना कोणाची ?

या विचारास शास्त्राचें रूप एडगर कॉड या गणितज्ञानें दिलें. त्यांचा जन्म १९२३ सालीं इंग्लंडांत झाला. दुसऱ्या महायुद्धांत ते वैमानिक होते. पुढें अमेरिकेंत आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होझे येथील संशोधनशाळेंत काम करीत असतां त्यांनीं जून १९७० मध्यें एक निबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं संगणकांतील नोंदी झाडाच्या फांद्यांप्रमाणें किंवा साखळीच्या कड्यांप्रमाणें जोडलेल्या असत, आणि त्या वाचणाऱ्यास वाट आधींच ठाऊक असावी लागे; मांडणी बदलली कीं जुनी वाट बंद. कॉड म्हणाले कीं, माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी व नातीं केवळ किंमतींवरून, म्हणजे किल्ल्यांवरून, जुळवावीं. 'फॉरेन की' हें नांवहि त्या निबंधांत आहे. १९७४ सालीं चेंबरलिन व बॉइस यांनीं अशा कोष्टकांस प्रश्न विचारण्याची भाषा रचली. तीच पुढें एस्.क्यू.एल्. या नांवानें जगभर पसरली. परकी किल्ली जाहीर करण्याची सोय त्या भाषेच्या मानक स्वरूपांत १९८९ सालीं आली. कॉड यांना १९८१ मध्यें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. ते २००३ सालीं वारले.

आपल्या घरांतील दाखले

पालकहो, हा विषय आपणांस परका वाटूं नये, कारण आपल्या घरांतील ट्रंकेंत त्याचा उत्तम नमुना आहे. सातबाराचा उतारा काढून पाहावा. महसुलाचे गांव नमुने १ ते २१ असे क्रमांकानें चालतात. त्यांतील नमुना ७ हा जमिनीवरील हक्काचा व नमुना १२ हा पिकांचा, म्हणून सातबारा. त्यांत खातेदाराच्या नांवाजवळ खाते क्रमांक असतो. तो नमुना ८-अ कडे बोट दाखवितो, जेथें त्या खातेदाराच्या गांवांतील सर्व जमिनी एकत्र पाहावयास मिळतात. शिवाय फेरफाराचा क्रमांक असतो. तो नमुना ६ कडे, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीकडे बोट दाखवितो, जेथें जमीन खरेदीनें आली कीं वारसानें, हें लिहिलेलें असतें. संगणक जन्मास येण्यापूर्वींपासून कागदी वह्यांमधून चालत आलेल्या या परक्या किल्ल्याच होत. यांत आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. गट क्रमांक १५ हा गांवोगांव असतो. म्हणून नुसता गट क्रमांक सांगून भागत नाहीं, गांवहि सांगावें लागतें. दोन रकाने मिळून होणाऱ्या अशा किल्लीस संयुक्त किल्ली म्हणतात. उतारा हातीं आला म्हणजे केवळ आपलें नांव पाहून थांबूं नये. खाते क्रमांक व फेरफार क्रमांक दुसऱ्या नमुन्यांशीं ताडून पाहावे.

दुसरा दाखला टपालाचा. भारतांत एकाच नांवाचीं गांवें कितीतरी आहेत, आणि पत्ते निरनिराळ्या भाषांत लिहिले जातात. यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सहा आंकडी पिन क्रमांक सुरू झाला. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची; ते टपाल खात्यांतील वरिष्ठ अधिकारी व संस्कृतचे नामांकित पंडित होते. नंदुरबारचा क्रमांक ४२५४१२ व शहाद्याचा ४२५४०९. पत्त्यांतील हा आंकडा म्हणजे टपालघरांच्या कोष्टकाकडे दाखविलेलें बोटच होय.

तिसरा दाखला आपल्या जिल्ह्यास अभिमानाचा आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजीं शहादा तालुक्यांतील टेंभली या गांवीं पंतप्रधान मनमोहन सिंग व श्रीमती सोनिया गांधी यांच्या हस्ते देशांतील पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. हा क्रमांक बारा आंकड्यांचा असून त्यावरून माणसाची जात, गांव वा वय कांहींच समजत नाहीं. चांगल्या किल्लीचें हें एक लक्षण आहे. नांव बदलतें, गांव बदलतें, फोन तर वर्षांत दोनदां बदलतो. म्हणून अशा गोष्टींची किल्ली करूं नये. आधारचा शेवटचा आंकडा तपासणीचा असतो. तो व्हेरहूफ या डच गणितज्ञाच्या १९६९ मधील रीतीनें काढितात. एक आंकडा चुकला किंवा शेजारचे दोन आंकडे उलटसुलट झाले तर तो ताबडतोब चूक दाखवितो.

किल्लीची मर्यादा

परंतु, विद्यार्थिमित्रहो, येथें सावध राहावयास हवें. परकी किल्लीचा पहारा एवढेंच सांगतो कीं, ४१३ क्रमांकाचा विद्यार्थी अस्तित्वांत आहे. पुस्तक खरोखर त्यानेंच नेलें कीं ४१२ नें, हें तो सांगूं शकत नाहीं. ४१२ च्या जागीं ४१३ लिहिला गेला तर संगणक कुरकुर करणार नाहीं, कारण दोन्ही खरे आहेत. तपासणीचा आंकडाहि येथें मुकाच राहतो. माझ्या त्या यादींतील खातेक्रमांक बँकेच्या दृष्टीनें पूर्ण खरा होता. फक्त तो दुसऱ्याच मुलाचा होता. म्हणून यादीचा क्रमांक घालणें हें अर्धें काम झालें. दुसरें अर्धें काम म्हणजे क्रमांक मोठ्यानें वाचावा, मुलास समोर उभें करावें, त्याचें गांव विचारावें, आणि मगच सही करावी.

दुसरी मर्यादा निराळ्या जातीची आहे. एकच किल्ली सर्व कुलुपांस लागूं लागली तर सोय होते, पण ती हरवली वा भलत्याच्या हातीं गेली तर सर्व घरेंहि एकदम उघडीं पडतात. माणसाचें धान्य, औषध, बँक व फोन या सर्वांच्या वह्या एकाच क्रमांकानें जोडाव्या कीं नाहीं, हा केवळ यंत्राचा प्रश्न नव्हे. सर्वोच्च न्यायालयानें २६ सप्टेंबर २०१८ रोजीं दिलेल्या निकालांत सरकारी साहाय्याच्या योजनांस आधार जोडणें मान्य केलें, परंतु बँकेचें खातें व मोबाइल यांस तो जोडण्याची सक्ती अमान्य केली; आणि शाळाप्रवेशासाठीं मुलांवर आधारची सक्ती करतां येणार नाहीं, तसेंच तो नाहीं म्हणून मुलास कोणत्याहि योजनेच्या लाभापासून वंचित ठेवतां येणार नाहीं, असेंहि सांगितलें. वह्या जोडतां येतात म्हणून सर्वच जोडाव्या असें नाहीं, हा त्यांतील बोध आहे.

सुटीसाठीं अभ्यास

१. तुमच्या गांवच्या दूध-संकलन केंद्रावर सभासद रोज सकाळीं व संध्याकाळीं दूध घालतात. यासाठीं दोन कोष्टकें आंखा. परकी किल्ली कोणत्या कोष्टकांत ठेवाल व कां ?

२. एस्.टी.ची एक गाडी अनेक थांब्यांवर थांबते व एका थांब्यावर अनेक गाड्या थांबतात. येथें कोष्टकें किती लागतील ? थांब्याचा अनुक्रम कोठें लिहाल ?

३. जनरल रजिस्टरचा क्रमांक एका वहींत '४१२' व दुसऱ्या वहींत '०४१२' असा लिहिला आहे. माणसास हे दोन्ही एकच वाटतात. संगणकानें ते अक्षरें म्हणून ठेविले असतील तर त्यास काय वाटेल ?

उत्तरें वहींत लिहून जूनमध्यें मला दाखवावीं.

त्या मुलाचें पुढें काय झालें, असें वर्गांत मला नेहमीं विचारण्यांत येतें. तो दहावी उत्तीर्ण झाला, एक वर्ष उशिरानें. ज्या दिवशीं निकाल लागला त्या दिवशीं त्याचे वडील पेढे घेऊन शाळेंत आले होते; मीं चूक कबूल केली तेव्हां त्यांनीं रागाचा एक शब्दहि उच्चारला नव्हता, आणि त्या दिवशींहि उच्चारला नाहीं. तेव्हांपासून माझ्या प्रत्येक यादींत पहिला रकाना क्रमांकाचा असतो व तो रिकामा राहत नाहीं. आणि कोणी पालक दारांत येऊन "कागद जुळत नाहीं" असें म्हणाला, तर मी यादीवर बोट ठेवण्यापूर्वीं त्यास बसावयास सांगतों आणि मुलास बोलावून आणतों.